गृहीत धरले आहे

झिपार आली तेव्हा ग्रंथालयाचा बॉयलर बंद पडला होता,
मी हातमोजे घालूनच कार्डं चाळत होते.
तिनं वहीतलं चित्र पुढं सरकवलं:
एकावर एक दोन चौकोन,
मध्ये स्प्रिंगची नागमोड, शेजारी डबीतला दट्ट्या,
सगळ्यात खाली एक वेडीवाकडी रेघ.
"ही रेघ म्हणजे आत-बाशीचा रस्ता," ती म्हणाली.
"वरचा चौकोन ॲम्ब्युलन्स, खालचा चाक.
पाव गाडी आहे ही.
उरलेली पाऊण अशीच थरथरते असं समजायचं."

मला स्प्रिंगांमधलं काही कळत नाही.
कळतं ते एवढंच, की कुठली ओळ कुणाच्या खांद्यावर उभी आहे.
तिला एक आकडा हवा होता,
दट्ट्या धक्का किती गिळतो त्याचा.
म्हणजे आकडा होताच तिच्याकडे. पंधराशे.
ओस्मोनालियेव सरांनी त्याभोवती लाल गोल काढून
शेजारी एकच शब्द लिहिला होता:
कुठून?

चार आठवडे आम्ही पंधराशेच्या मागावर होतो.
अंकाराच्या एका प्रबंधात तो भेटला,
प्रबंधानं बोट दाखवलं वुचकडे,
वुचनं कुठल्याशा परिषदेच्या वृत्तांताकडे.
वृत्तांत पोस्टानं आला ताश्कंदहून,
एक कोपरा उंदरानं आधीच वाचलेला.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आकड्याचं विचारावं लागतं, त्याचाच मला पगार.
पान एकशे बारा, तळटीप, बारीक ठसा:
"मूल्य गृहीत धरले आहे."

मी हसले. झिपार हसली नाही, मग मलाच ओशाळं झालं.
चाळीस वर्षं माणसं त्या पंधराशेवर
कागदावरच्या गाड्या हाकत होती
आणि कुणालाही एक गचका बसला नव्हता.

शनिवारी ती नारीनची बस धरून निघून गेली.
तिथली ॲम्ब्युलन्स जुनी उआझ,
आकारावरून लोक तिला पावच म्हणतात, भट्टीतला.
तुर्दुबेक ड्रायव्हरनं चाकामागे टॉर्च मारला:
"यातलं तेल कधीच गळालं, पोरी.
आणि पाट्यांतली एक ट्रकची आहे,
तिला तुझं गणित विचारू नकोस."
बूरुल नर्स मागच्या बाकावरून म्हणाली,
"पुलानंतर रस्ता पन्हळी पत्र्यासारखा.
तिथं मी बाळ पेटीतून उचलते,
दोन्ही हातांवर धरते.
कोपर गुडघ्याला टेकवायचं नाही.
टेकलं की रस्ता हातात चढतो."

झिपारनं हे संदर्भसूचीत घातलं:
बूरुल, परिचारिका, तोंडी माहिती.
सरांनी खोडलं.
नियम तसाच आहे, वाचकाला पडताळता आलं पाहिजे,
आणि ती नियमांची पुस्तिका
याच टेबलावर मी टाइप केली होती.

मग तिनं फोन चिकटपट्टीनं पेटीच्या तळाला लावला.
अकरा फेऱ्या, त्यातल्या दोन रात्रीच्या,
एका फेरीत खरोखरचं बाळ होतं,
त्या फेरीचे आकडे तिनं वेगळे ठेवलेत,
का, ते विचारलं नाही मी.
आता तक्ता चार मध्ये लिहिलंय तीनशे चाळीस,
कमीजास्त साठ,
आणि "गृहीत" होतं तिथं "मोजले".
सरांनी पेन्सिलीनं नुसती टिक केली.

काल परत आली.
चित्रात आता सगळ्यात वर तिसरा चौकोन,
नखाएवढा. त्याच्या खाली स्प्रिंग नाही, दट्ट्या नाही,
दोन वाकलेल्या रेघा फक्त.
"या हातांचा आकडा कुठं मिळेल?"
बॉयलर चालू झाला होता. मी मोजे काढले,
कोरं कार्ड घेऊन वर लिहिलं: बूरुल.
कुठल्या खणात घालायचं ते सुचेना.
सध्या चहाच्या पेल्याखाली आहे.